टर्बो ऑइल फेकतोय? आधी मोरी तुंबली आहे का ते बघा

"टर्बो गया है साहब, ऑइल फेक रहा है." मुंबईत डिझेल गाडी गॅरेजला नेली आणि बॉनेटखाली ओलावा दिसला, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मी ते भर पावसाळ्यात ऐकलं. मिस्त्रीने इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाइप काढला, आत बोट फिरवलं, काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं आणि चाळीस हजारांचा आकडा सांगितला. बोटावर ऑइल होतं, त्याबद्दल वादच नव्हता. पण ते टर्बो गेल्यामुळे आलेलं नव्हतं. ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी अर्धा तास खर्चून दाखवून दिलं, की ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारा, पाइप चोक झालाय आणि एअर फिल्टरमध्ये वर्षभराची धूळ कोंबलेली आहे. दोन्हींचा खर्च दोन हजारांच्या आत. टर्बो तोच आहे, आजही शिट्टी वाजवत चालतोय.

हा लेख ज्यांनी पाना कधी हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी आहे. टर्बो तुम्ही स्वतः बदलावा असं मी म्हणत नाही. ऑइल कुठून येतंय आणि का येतंय, एवढं तुम्हाला गॅरेजच्या दारात उभं राहण्याआधी माहीत असलं की पुरे.

ऑइलची वाट आधी समजून घ्या

टर्बो म्हणजे एका शाफ्टच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. एक पंखा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने फिरतो, दुसरा त्याच्याबरोबर फिरून बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. कल्पना जुनी आहे, स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचं तिच्यावरचं पेटंट १९०५ सालचं. छोट्या गाडीच्या टर्बोचा शाफ्ट पूर्ण जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतो. या वेगाला धातूवर धातू घासला तर क्षणात संपला. म्हणून बहुतेक टर्बोंमध्ये शाफ्ट बुश बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिनचा ऑइल पंप एका बारीक फीड पाइपमधून दाबाने ऑइल पाठवतो. ते बेअरिंगमधून फेसाळून खाली पडतं आणि जाडसर ड्रेन पाइपमधून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, परत जातं. परतीच्या वाटेवर पंप नाही. ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ऑइल बाहेर येऊ नये म्हणून टर्बोत रबरी ऑइल सील असेल असं आपल्याला वाटतं. पण त्या उष्णतेत आणि त्या वेगाला रबर टिकणारच नाही. तिथे असते पिस्टनच्या रिंगसारखी एक इवलीशी धातूची रिंग. ती झाकणासारखी घट्ट बंद नसते. पंख्यांच्या बाजूचा हवेचा दाब ऑइलला आत रेटतो आणि खालची वाट मोकळी असते, म्हणून ऑइल खाली जातं.

न्हाणीघर डोळ्यांपुढे आणा. नळ चालू आहे, मोरीचं तोंड केसांनी तुंबलंय, पाणी उंबरा ओलांडून घरात आलं. आता कोणी उंबरा फोडून नवा बसवायला सांगितला तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. टर्बोच्या बाबतीत आपण चाळीस हजार देऊन नेमकं तेच करतो. ड्रेन पाइप तुंबला की ऑइल रिंग ओलांडून पंख्यांकडे जातं, आणि दोष येतो टर्बोवर.

दुसरी शक्यता मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. पावसाळी नाले साफ असले तरी साडेचार मीटरची भरती असेल तर दादरच्या हिंदमाताचं पाणी उतरत नाही, कारण पुढे समुद्रच वर आलेला असतो. ड्रेन पाइप ज्या चेंबरमध्ये उतरतो तिथे गॅसचा दाब वाढला, की पाइप स्वच्छ असूनही ऑइल खाली जात नाही. ब्रीदर चोक झाला किंवा पिस्टन रिंगा झिजून जळालेला गॅस खाली घुसायला लागला, की ही भरती येते. चेंबरमध्ये ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं तरी तोच परिणाम.

तिसरी शक्यता पलीकडून ओढ लागण्याची. एअर फिल्टर इतका भरलाय की पंख्याला हवा मिळत नाही, मग तो ओढून ओढून ऑइलच ओढतो. बेअरिंग झिजलं आहे, रिंग गेली आहे, म्हणजे उंबराच खरोखर फुटलाय, ही चौथी शक्यता. ती खरीही असते. पण चौथीच आहे.

हात लावण्याआधी

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. टर्बोचं धुराकडचं घर घाटात लालबुंद होतं आणि गाडी बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतं. रविवारची सकाळ बरी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामाला बंदी असेल तर सेक्रेटरींना आधी सांगा, की फक्त बघायचंय, ऑइल सांडणार नाही. आणि खरंच सांडू नका. गाडीबरोबर मिळतो त्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी. खालून बघायचं असेल तर गॅरेजच्या लिफ्टवर.

सामान थोडंच लागतं: टॉर्च, जुनी सुती फडकी, रबरी हातमोजे, पाइपचे क्लॅम्प ढिले करायला स्क्रू ड्रायव्हर, एक छोटा आरसा, डीग्रीझरची बाटली, टाल्कम पावडर आणि एक मोठा पुठ्ठा. मोबाइलचा कॅमेरा आरशापेक्षा उपयोगी पडतो, व्हिडिओ चालू करून तो फटीत सरकवा. कुठलाही पाइप काढण्याआधी त्याचा फोटो घ्या. परत बसवताना क्लॅम्पचं तोंड कुठे होतं ते आठवत नाही.

आता गंभीर गोष्ट. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत जे जळण्यासारखं सापडेल ते जळतं, ऑइलसुद्धा. टर्बोने इंटरकूलरमध्ये बरंच ऑइल ओतून ठेवलं असेल तर इंजिन ते ओढून घेतं आणि चावी बंद केली तरी आपोआप रेस घेत राहतं. आवाज चढत जातो, मागे धुराचा लोट उठतो. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर, चौथा किंवा पाचवा, टाका आणि क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल तर चावी बंद करून सगळ्यांना घेऊन लांब जा. बॉनेट उघडून हवेच्या तोंडावर हात ठेवायला जाऊ नका. हे रोज घडत नाही. पण निळा धूर भकाभक येत असेल, ऑइल दर आठवड्याला घालावं लागत असेल आणि टर्बोतून सायरनसारखा किंवा घासल्याचा आवाज येत असेल, तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका. टोइंग बोलवा.

पहिली पायरी: ऑइल खरंच कमी होतंय का?

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. काल डिपस्टिक एका जागी बघितली, आज पोडियमच्या रॅम्पवर बघितली, आणि ऑइल पाव लिटर गायब! गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटांनी, दर वेळी त्याच जागी. डिपस्टिक एकदा पुसून परत घाला आणि मग वाचा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत आणा, किलोमीटर लिहून ठेवा, हजार किलोमीटर चालवा आणि परत त्याच खुणेपर्यंत यायला किती घालावं लागलं ते मापाच्या बाटलीने मोजा. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा वापर चालण्यासारखा मानलेला आहे. तुमच्या गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात पडलेलं असेल, ते एकदा उघडा. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, व्हिस्टा, लिनिया अशा अनेक गाड्यांत आलेल्या १.३ लिटरच्या मल्टीजेट इंजिनात मुळात ऑइलच तीन लिटरच्या आसपास मावतं. तिथे एक लिटर कमी होणं म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर? बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकतो आणि त्यासाठी जादा डिझेल वापरतो. तुमचा प्रवास भांडुप ते पवई एवढाच असेल आणि तोही सिग्नल मोजत, तर हे जळणं दर वेळी अर्ध्यावर तुटतं आणि न जळलेलं डिझेल झिरपत चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी वर चढते. हेच ते भरतीचं पाणी. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल तर टर्बोचा विचार बाजूला ठेवा. आधी ऑइल आणि फिल्टर बदला आणि मग परत बघा. सर्व्हिसला मिस्त्रीने अख्खा कॅन ओतून दिला असेल तरी तेच.

दुसरी पायरी: धूर बघा, पण त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय, बहुतेक वेळा टर्बोच्या पुढचा होज फाटलाय किंवा निसटलाय. पांढरा म्हणजे वाफ, कूलंट किंवा न जळलेलं डिझेल. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ आणि पाण्याचे थेंब पडले तर घाबरायचं कारण नाही, ते आपल्या हवेचं देणं आहे.

निळा धूर कधी येतो ते बघणं जास्त महत्त्वाचं. मागच्या गाडीतून मित्राला यायला सांगा आणि व्हिडिओ काढायला लावा, आरशात रंग कळत नाही. पश्चिम द्रुतगती मार्गावर पाच-सात मिनिटं रखडून पुढे निघताना एक निळा ढग सुटला आणि मग साफ झाला, तर टर्बोवर संशय घ्यायला जागा आहे. स्लोमध्ये इंजिन चालू असताना पंख्यांच्या बाजूचा दाब जवळपास नसतोच, ऑइलला आत रेटणारं कोणी नसतं, त्यामुळे दुबळा टर्बो तेव्हाच पाझरतो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये टर्बोच्या तक्रारी स्लोवर दिसतात त्या यामुळे. घाट उतरताना पाय काढलेला असतो आणि खाली येऊन परत दाबला की धूर आला, तर व्हॉल्व्हचे सील बघायला हवेत. ओझं घेऊन चढावर सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंगा. प्रत्यक्षात हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून धूर हा फक्त सुगावा. पुरावा पुढे मिळतो.

तिसरी पायरी: बाहेरचं ऑइल

टर्बोच्या अंगावर ऑइल दिसलं म्हणजे ते टर्बोचंच, असं नाही. ऑइल वरून खाली ओघळतं आणि रेडिएटरच्या पंख्याचा वारा त्याला मागे उडवतो. टपेट कव्हरचं पॅकिंग, व्हॅक्यूम पंपाचं पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, यातलं काहीही गळलं तर ऑइल शेवटी टर्बोवर येऊन जळतं आणि केबिनमध्ये जळका वास येतो. नियम एकच: ओलाव्याचं सगळ्यात वरचं टोक शोधायचं.

थंड इंजिनावर डीग्रीझर मारा, पुसा आणि सुकू द्या. प्रेशर पंपाने इंजिन धुवायला देऊ नका, अल्टरनेटर आणि सेन्सरच्या प्लगमध्ये पाणी शिरलं की नवीनच दुखणं मागे लागतं. सुकल्यावर संशयित जोडांवर टाल्कम पावडरचा हलका थर द्या आणि वीस-तीस किलोमीटर चालवून आणा. पांढऱ्यावर जिथून गडद रेघ सुरू होते तिथे गळती. काही गॅरेजमध्ये ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग आणि निळा टॉर्च असतो. तो मिळाला तर पावडरीची भानगड नको.

फीड पाइप टर्बोला जिथे जोडतो तिथे बऱ्याच गाड्यांत पोकळ बोल्ट आणि दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. हे वायसर एकदाच वापरायचे असतात. कोणी पाइप काढून जुनेच परत लावले असतील तर तिथून हमखास पाझर होतो, आणि हा सगळ्या यादीतला सगळ्यात स्वस्त इलाज.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखून ठेवा. सकाळी डाग कुठल्या बाजूला पडला ते कळतं. एक मात्र: टर्बोचं आतलं ऑइल बहुधा जमिनीवर येत नाही, ते पाइपात किंवा सायलेन्सरमध्ये जातं. पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून टर्बोला सुटका नाही.

चौथी पायरी: आधी की नंतर

माझ्या मते अख्ख्या तपासणीचा जीव इथे आहे. मिस्त्रीने मला इंटरकूलरचा पाइप दाखवला होता. तो टर्बोच्या नंतरचा. टर्बोच्या आधीचा पाइप, एअर फिल्टरकडून येणारा, त्याने काढलाच नव्हता.

ब्रीदरचा पाइप बहुतेक गाड्यांत याच आधीच्या पाइपात येऊन मिळतो. चेंबरमधला गॅस थोडं ऑइलचं तुषार घेऊन येतो, टर्बो ते हवेबरोबर ओढतो आणि पुढे इंटरकूलरकडे पाठवतो. त्यामुळे ठणठणीत गाडीतही इंटरकूलरच्या पाइपात पातळ तेलकट थर असतो. बोट काळं होणं म्हणजे काहीच सिद्ध न होणं.

म्हणून आधीचा पाइप काढा. टर्बोच्या तोंडाशी असलेला क्लॅम्प ढिला केला की तो सुटतो. आत पांढरं फडकं फिरवा. पाइप ब्रीदर जिथे मिळतो तिथपासूनच ओला असेल आणि टर्बोच्या तोंडापर्यंत तसाच असेल, तर ऑइल टर्बोपर्यंत बाहेरूनच येतंय, आणि गुन्हेगार ब्रीदरच्या बाजूला आहे. आधीचा पाइप कोरडा आणि नंतरच्या पाइपात ऑइल असेल तर ते टर्बोतच मिसळलं. टर्बो आपलं ऑइल तिथे सोडतोय. ते का सोडतोय, हा प्रश्न तरीही उरतोच.

नंतरच्या पाइपात किती ऑइल आहे तेही बघा. थर, ओलावा किंवा जोडापाशी एखादा थेंब असेल तर ठीक. पाइप तिरका केल्यावर धार लागली किंवा इंटरकूलरच्या तळाशी कपभर साठलेलं सापडलं तर नाही. तेवढं ऑइल काढून इंटरकूलर धुतल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, वर सांगितलेला रेसचा प्रकार इथूनच होतो.

धुराच्या बाजूलाही हाच नियम, फक्त ते काम गॅरेजमध्ये. टर्बोच्या पुढचा सायलेन्सरचा पाइप खोलून घ्या. आत कोरडी काजळी असायला हवी. ओलं, चकचकीत काळं दिसलं तर मिस्त्रींना टर्बोच्या आधीची, इंजिनाकडची बाजूही खोलून दाखवायला सांगा. तिथेही ओलं असेल तर ऑइल इंजिनच पाठवतंय, रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून, आणि नवा टर्बो बसवून धूर तसाच राहील. "दोन्ही बाजू खोलून दाखवा" या वाक्याने माझ्या ओळखीतल्या निदान दोघांचे पैसे वाचले आहेत.

पाचवी पायरी: शाफ्ट हलवून बघा

आधीचा पाइप निघालेलाच आहे, तर टर्बोच्या तोंडात बघा. छोटा पंखा आणि मधोमध नट दिसेल. चावी खिशात आहे याची खात्री करा, मग नट दोन बोटांत धरा.

वर-खाली हलवा. थोडासा प्ले लागेल, टकटक जाणवेल. इथे बरेच जण घाबरतात आणि घाबरवलेही जातात. रात्रभर उभ्या गाडीत बेअरिंगमधला ऑइलचा थर उतरलेला असतो आणि शाफ्ट तरंगण्यासाठी ती फट मुळातच ठेवलेली असते. इंजिन चालू झालं की ऑइल ती भरून काढतं. आता नट आत-बाहेर ढकला. या दिशेचा प्ले बोटाला जाणवता कामा नये. स्पष्ट पुढे-मागे सरकत असेल तर थ्रस्ट बेअरिंग संपलं. शेवटी पंखा एका बाजूला दाबून हळू फिरवा. पात्याची कड भिंतीला कुठेही लागू नये. टॉर्च मारून भिंतीवर चकचकीत खरचटल्याची रेघ दिसते का बघा. पाती वाकलेली, तुटलेली किंवा दातेरी झाली असतील तर काहीतरी आत गेलंय, फिल्टरचा तुकडा असो की विसरलेला नट, आणि तुटलेला धातू पुढे इंटरकूलरमध्ये पडलेला असणार.

हवेच्या पाइपने पंखा फिरवून दाखवायची काहींना हौस असते. करू देऊ नका. ऑइलचा दाब नसताना तो वेगाने फिरला तर चांगलं बेअरिंगही खराब होतं.

आत-बाहेर प्ले नाही, पाती शाबूत, भिंत कोरी, आणि तरीही ऑइल येतंय? मग टर्बो बदलू नका. कारण शोधा.

सहावी पायरी: कारण

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. मेट्रोची आणि टॉवरची कामं चालू असलेल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमधल्या अंतराच्या आधीच भरतो. पावसात भिजून लगदा झालेलाही पाहिलाय.

चेंबरचा दाब बघायची घरगुती पद्धत अशी. इंजिन स्लोमध्ये ठेवा आणि डिपस्टिक काढून तिच्या नळीवर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवा. बाही, केस आणि ओढणी पट्ट्यापासून लांब. हातमोजा जेमतेम हलला किंवा थोडा आत ओढला गेला तर ठीक. पंजा टरारून उभा राहिला तर भरती आलेली आहे. ब्रीदर साफ करून किंवा बदलून परत बघा. तरीही पंजा उभाच असेल तर इंजिन खालून कॉम्प्रेशन मारतंय, आणि ते दुखणं टर्बोपेक्षा मोठं आहे. चालू गाडीत डिपस्टिक आपोआप वर उचललेली सापडणं हीसुद्धा त्याचीच खूण. नेमका आकडा हवा असेल तर गॅरेजकडे दाब मोजायचं यंत्र असतं.

ड्रेन पाइप काढून आरपार उजेड दिसतो का बघायला सांगा. आत करपलेल्या ऑइलचा कडक थर बसतो, तव्याच्या कडेला बसतो तसा. आणि जोडावर सिलिकॉन लावलेलं असेल तर भुवई उंचवा. बाहेर ओघळलेलं सिलिकॉन जसं दिसतं तसंच ते आतही ओघळलेलं असतं, आणि सुटा झालेला तुकडा मोरीच्या तोंडात जाऊन बसतो. तिथे फक्त पॅकिंग असावं. फीड पाइप करपून बारीक झाला असेल तर उलटा प्रकार होतो: बेअरिंग उपाशी राहून झिजतं आणि मग गळायला लागतं. काही इंजिनांत या पाइपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती विसरली जाते.

ऑइल का करपतं? खंडाळ्याचा घाट जोरात चढून आलात, वर लोणावळ्याला गाडी लावली आणि लगेच चावी काढली. पंप थांबला, ऑइल थांबलं, पण टर्बो तापलेलाच. आत अडकलेलं ऑइल जागच्या जागी भाजतं. घाटानंतर मिनिट-दोन मिनिटं स्लोमध्ये ठेवून मग बंद करा. बऱ्याच नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत टर्बोला कूलंटही फिरतं, त्यामुळे त्यांना हा त्रास कमी. आणि ऑइल बदलायचा हिशेब निव्वळ किलोमीटरवर करू नका. दहा हजार किलोमीटर ताशी ५० च्या सरासरीने केले तर इंजिन २०० तास चाललं, मुंबईतल्या ताशी २० ने केले तर ५०० तास. ऑइलचं वय तासांनी वाढतं.

टर्बो खरंच गेला असेल तर

नवा अख्खा टर्बो, किंवा जुन्या घरात नवीन कोअर, म्हणजे शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगचा मधला भाग, असे दोन मार्ग आहेत. कोअर स्वस्त पडतो आणि चांगल्या हाताने बसवला तर टिकतो, पण तो बॅलन्स केलेला हवा. मशीनवरचा बॅलन्सिंगचा कागद मागा. पाती सरकणारा व्हीजीटी टर्बो असेल तर त्याची सेटिंगही करावी लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना टर्बो मिळेलही. पण घेण्याआधी प्लेटवरचा पार्ट नंबर आपल्या टर्बोशी अक्षर-अक्षर जुळवा आणि दुकानातच शाफ्टची वरची परीक्षा घ्या. मी स्वतः जुना टर्बो घेणार नाही. तो दुसऱ्या गाडीतून का निघाला हे कोणी सांगत नाही.

बिलात टर्बोबरोबर या गोष्टी लिहून घ्या: नवा फीड पाइप, नवे वायसर आणि पॅकिंग, ड्रेन पाइप साफ, ब्रीदर साफ, इंटरकूलर काढून धुणं, नवीन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर. मिस्त्री म्हणतील "उसकी जरूरत नहीं". आहे. टर्बो ज्या कारणाने गेला ते कारण गाडीतच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जाईल, आणि वॉरंटी मागायला गेलात की ऑइलच्या पुरवठ्यावर बोट दाखवलं जाईल. डीपीएफ असलेल्या गाडीत ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला. भलत्या ऑइलची राख त्यात साठते आणि ती जळून जात नाही.

बसवताना शक्य असेल तर समोर उभे राहा. फीड पाइप जोडण्याआधी टर्बोत ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवला जातोय का, आणि डिझेल बंद ठेवून आधी नुसता सेल्फ मारून ऑइल वर चढवलं जातंय का, एवढं बघा. त्यानंतर काही मिनिटं स्लोमध्ये. सुरू केल्या केल्या रेस देऊन "देखो साहब, पिकअप" करणाऱ्याला तिथेच थांबवा.

जुना टर्बो मागून घरी आणा. पुढचे एक-दोन दिवस थोडा निळा धूर येईल, तो सायलेन्सरमध्ये साठलेल्या ऑइलचा. आठवड्यानंतरही तसाच असेल तर गॅरेजला परत जा. पाचशे किलोमीटरला आधीचा आणि नंतरचा पाइप पुन्हा काढून फडकं फिरवा, डिपस्टिक त्याच जागी वाचा आणि आकडा पहिल्या आकड्याच्या खाली लिहा.